ओरडू नकोस रे

१

माई गच्चीवरून पडल्या तेव्हा मालिकेचं सगळं युनिट खाली अंगणात जेवत होतं. कुणाचा घास तोंडाशी होता, कुणी पाण्याच्या बाटलीचं झाकण पिरगाळत होतं. वर भर उन्हात, पांढऱ्या केसांची, मोतिया शालीतली म्हातारी गच्चीवर एकटी उभी होती. आसपास चिटपाखरू नव्हतं. कुणी ढकललं नाही, पाय घसरला नाही, चक्कर आल्यासारखंही कुणाला वाटलं नाही. ती हसली, सरळ पुढे चालत आली, आणि गच्ची संपली तिथे थांबली नाही. पुढचा कठडा शॉटसाठी आदल्या दिवशीच काढून ठेवला होता.

पाहणारे पुष्कळ, पण जबानी सगळ्यांची एकच: बाई आपल्या पायांनी गेल्या.

संध्याकाळपर्यंत वाहिनीचा शोकसंदेश तयार झाला. गर्दीच्या दृश्यात मागच्या रांगेत उभी राहणारी मुलगी, मग जिच्यासाठी लोक थिएटरबाहेर ताटकळत ती नायिका, मग मधली काही वर्षं कुठेच नाही, आणि उतारवयात मालिकेतली माई. ही माई इतकी चालली, की बाईंचं स्वतःचं नाव मागे पडलं. डॉक्टरसुद्धा चिठ्ठीवर माई लिहून मग खोडत. संदेशाच्या शेवटी 'मनावरचा ताण' असा शब्द घालून वाहिनी मोकळी झाली होती.

तपास मास्तरणीकडे आला. पोलीस खात्यात तिला सगळे मास्तरीणच म्हणत, कारण भरती होण्याआधी ती शाळेत व्याकरण शिकवायची. चोरालाही ती अशा सुरात विचारी, की गृहपाठ राहिल्यासारखा तो मान खाली घाली.

"आत्महत्या म्हणून टाक आणि मोकळी हो," साहेब म्हणाले. "गावभर माणसांनी पाहिलंय. काखेत कळसा असताना वळसा कशाला?"

"कळसा बघून येते," ती म्हणाली.

रुग्णालयात डॉक्टरांनी एक तबक पुढे सरकवलं. त्यात घड्याळ होतं, चष्मा होता, पांढऱ्या केसांचा विग होता आणि कातडीच्या रंगाचं, वाटाण्याएवढं काहीतरी होतं.

"हे कानात होतं. अगदी आत. आधी मला श्रवणयंत्र वाटलं," डॉक्टर म्हणाले. "पण श्रवणयंत्र बाहेरचा आवाज पकडतं. याला तशी सोयच नाही. दुसऱ्या कुणीतरी लांबून माइकवर बोलायचं आणि ते फक्त यांनाच ऐकू यायचं, असं हे आहे."

मास्तरणीने तो वाटाणा चिमटीत धरून उजेडात पाहिला.

"पडल्या तेव्हा हे चालू होतं?"

"अजूनही चालूच आहे," डॉक्टर म्हणाले.

२

दिग्दर्शकाने आधी काखा वर केल्या. मग मास्तरणीने तो वाटाणा त्याच्या टेबलावर ठेवला आणि काहीच न बोलता बसून राहिली. शाळेत हा उपाय कधी वाया गेला नव्हता.

"गेल्या वर्षी त्या विसरायला लागल्या," तो शेवटी म्हणाला. "आधी वाक्यं. मग आमची तोंडं. एकदा मेकअप करून बसल्या आणि आरशाला विचारलं, ही बाई कुणाची वाट बघतेय? आता मालिकेचं नावच माई. त्या नाहीत तर मालिका नाही, आणि मालिका नाही तर एवढ्या घरांच्या चुली... म्हणून हे यंत्र. जिन्याखाली आवाजाची खोली आहे, तिथे त्यांचा धाकटा भाऊ बसतो. आम्ही सगळे त्याला मामा म्हणतो. कॅमेऱ्यात दिसतं ते त्याच्यासमोरच्या पडद्यावर दिसतं. ते बघत तो कानात वाक्य सांगायचा, पुढे या, वळा, बसा, सगळं सांगायचा. त्या तसं करायच्या. विगखाली कान झाकलेले. युनिटमध्येसुद्धा कुणाला पत्ता नाही. मी, मामा आणि त्यांची मुलगी, बस."

"मुलगी काय करते?"

"आईचं सगळं तीच बघते. कपडे, औषधं, तारखा. मामाजवळ बसून पानं उलटते." तो खुर्चीत पुढे सरकला. "गंमत सांगू? आधी माई चांगल्या नटी होत्या. मान्यच. पण या वर्षी त्यांनी जे काम केलं, तसं आयुष्यात केलं नव्हतं. एखादं साधं वाक्य, 'दार लावून घे', असं म्हणायच्या की मी कट म्हणायला विसरायचो. सगळं विसरलेल्या बाईच्या तोंडून हे येतं कुठून, मला कळायचं नाही."

"त्या दिवशी काही वेगळं घडलं?"

"काहीच नाही. सकाळी वाहिनीची मुलाखत झाली, तीही झकास. मुलाखतकाराने विचारलं, या यशात घरच्यांचा वाटा किती? तर माई म्हणाल्या, मला मुलगी नाही, एकच मुलगा. मालिकेत माईला एकच मुलगा आहे ना. सगळे हसले, टाळ्याही पडल्या. म्हटलं, बाई भूमिकेतून बाहेरच येत नाहीत." मग तो स्वतःहून म्हणाला, "जेवणाच्या सुट्टीत मी अंगणात होतो, ताट घेऊन. कुणालाही विचारा."

"त्या गच्चीवर का गेल्या?"

"पुढचा सीन तिथे होता. शॉटच्या आधी जागा पायाखालून घालायची, ही त्यांची जुनी सवय. कठडा काढलाय हे सकाळी सांगितलं होतं. पण सांगून काय उपयोग? आणि खाली बघायची त्यांना सवयच नाही. नव्या मुलींना ओरडायच्या, पायाकडे बघतेस कशाला, जागा पायाला कळली पाहिजे."

मुलगी अंगणाच्या कडेला लावलेल्या व्हॅनिटी व्हॅनमध्ये होती. चाळिशीला आलेली, अंगावर काहीच ठळक नसलेली बाई. एका माणसाचा संसार चार पेट्यांत भरत होती. शाली, चपला, औषधांच्या डब्या. मास्तरणीला बसायला जागा करून तिने हातातली शाल पुन्हा उलगडली आणि पुन्हा घडी घातली.

"माझं डोकं दुखत होतं. पडदा ओढून पडले होते. आरडाओरडा झाला तेव्हा बाहेर आले."

"यंत्राचा माइक कुठे असतो?"

"मामाकडे. त्याच्या खोलीत."

"आई तुमच्याशी शेवटचं काय बोलली?"

"सकाळी बोलली. 'खाल्लंस का रे' म्हणाली. मी हो म्हटलं. खोटंच."

ते तीन शब्द उच्चारताना तिचा आवाज पार बदलला. तेवढ्या शब्दांपुरती म्हातारी व्हॅनमध्ये येऊन बसली आणि निघून गेली, असं मास्तरणीला वाटलं. पण मुलीने लगेच दुसरी शाल उचलली होती, आणि पुढचे सगळे प्रश्न औषधांबद्दलचे निघाले. एवढंच मास्तरणीच्या लक्षात राहिलं, की आईबद्दल बोलताना ही बाई रडत नव्हती. त्यात विशेष काही नव्हतं. तिची स्वतःची सासू गेली तेव्हा तिलाही रडू आलं नव्हतं.

३

मालिकेत माईची सून झालेल्या नटीला सेटवर सूनबाईच म्हणत. पडद्यावर सासूचा छळ करणारी ही मुलगी पडद्याबाहेरही माईंच्या मुळावर आली आहे, अशी कुजबुज होती. कानामागून आली आणि तिखट झाली, असं मेकअपवाल्याने मास्तरणीला न विचारताच सांगून टाकलं. माई गेल्यावर मालिका तिच्याभोवती फिरणार होती, हेही खरं होतं.

"मला त्यांचा राग यायचा, लपवून काय करू?" सूनबाई म्हणाली. "सीनमध्ये त्या समोर असल्या की माझ्याकडे कुणी बघायचंच नाही. पण मी गच्चीच्या अगदी खाली सावलीत बसले होते. सगळ्यांनी त्यांना पाहिलं, ऐकलं मात्र मी एकटीने."

"काय ऐकलं?"

"त्या बोलत होत्या."

मास्तरीण पुढे झुकली. "हे जबानीत नाही."

"कुणी विचारलं नाही. सगळे मी रडते की नाही ते बघत होते." तिने आठवून आठवून सांगितलं, नटीला पाठांतराची सवय असते तसं. "आधी म्हणाल्या, 'कोण आहे?' मग पुन्हा, जरा चिडून, 'कोण ओरडतंय?' चुकीचा फोन लागल्यावर बोलतो ना आपण, तसं. मग थोडा वेळ काहीच नाही. मला वाटलं पाठांतर करतायत. मग एकदम हसल्या. म्हणाल्या, 'अरे, तू होय. ओरडू नकोस रे, येते की.' आणि आल्या."

"शब्द हेच? नीट आठवा. 'ओरडू नकोस गं' नाही?"

"रे. शंभर टक्के रे. मला त्या गं म्हणायच्या, आणि असं म्हणायच्या की अंगावर पाल पडावी. माझ्या कानाला तो फरक पक्का माहीत आहे."

मास्तरणीने मनातल्या मनात वाक्य फळ्यावर लिहिलं आणि त्याच्याखाली रेघा ओढल्या. 'येते', म्हणजे कुणीतरी 'ये' म्हटलं होतं. थांब म्हटलं असतं तर बाई 'थांबते' म्हणाल्या असत्या. 'नकोस', म्हणजे समोरचा जवळचा, अहोजाहोचा नाही. आणि 'रे', म्हणजे पुरुष.

यंत्र माहीत असलेले पुरुष दोनच होते. त्यातला एक ताट घेऊन सगळ्यांच्या देखत अंगणात उभा होता.

जिन्याखालच्या खोलीचं दार तिने ढकललं तेव्हा मामा काळ्या पडद्यासमोर बसला होता. तिने काही विचारण्याआधीच तो म्हणाला, "या. मीच केलं."

४

मामा म्हणजे वाळलेला, नीटनेटका म्हातारा. शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. त्याने सगळं न थांबता सांगितलं. वर्षभर रोज बहिणीला शब्द भरवायचे, पिल्लाला चारा भरवावा तसे. घरी गेलं की तिने विचारायचं, तुम्ही कोण? शेवटी तो थकला. त्या दुपारी तिला गच्चीवर पाहिलं आणि मनात आलं, सुटू दे बिचारी. त्याने माइकवर 'ये' म्हटलं. ती आली.

"एवढ्यावर ती आली?"

"अक्काला एक मुलगा होता," मामा म्हणाला. इथे मात्र तो पहिल्यांदा अडखळला. "तिच्या चांगल्या दिवसांतली गोष्ट आहे. ती बाहेरगावी शूटिंगला होती. पोराला ताप आला, मी घरी त्याच्याजवळ होतो. फोन लावून दिला तर रडत ओरडायला लागला, आई ये, आई ये. ती म्हणाली, येते रे, एवढं गाणं संपू दे. गाणं संपायला दोन दिवस लागले. ती आली तेव्हा घरात माणसं जमली होती. त्यानंतर तिने सिनेमा सोडला तो सोडलाच. पुढे मुलगी झाली, ती मोठी झाली, मग हे मालिकेचं काम. पण गेल्या वर्षापासून बाकी सगळं पुसलं आणि तो तेवढा राहिला. कानात आवाज आला की तिला वाटायचं, तोच बोलतोय. सांगेल ते करायची."

मास्तरीण ऐकत राहिली. सगळं जुळत होतं. हेतू होता, साधन होतं, कबुली होती, आणि 'रे' होतं. साहेबांना फोन लावावा म्हणून तिने हात खिशात घातला, आणि तिची नजर पुन्हा पडद्यावर गेली.

"हा पडदा बंद आहे."

"सुट्टी आहे ना. कॅमेरे बंद असले की याच्यावर काही दिसत नाही."

"त्या दिवशीही जेवणाची सुट्टीच होती." तिने खोलीभर पाहिलं. चारही बाजूंना जाड कापडाने मढवलेल्या भिंती होत्या, खिडकी एकही नव्हती. "मग त्या गच्चीवर आहेत, टोकाशी आहेत, हे तुम्हाला दिसलं कुठून?"

मामाने शर्टाचं वरचं बटण चाचपलं. "अंदाजाने बोललो."

टेबलावर मालिकेची पानं पडली होती. तिने वरचं पान त्याच्या हातात दिलं. "वाचा. माईंना सांगायचात तसं."

"आता कशाला?"

"वाचा ना."

त्याने चष्मा चढवला आणि वाचलं. "दार लावून घे बाळा वारा फार सुटलाय." पाढे म्हणावेत तसं, एका पट्टीत, कुठे थांबणं नाही की चढउतार नाही. वाऱ्यालाही तेवढंच वजन आणि बाळालाही तेवढंच.

मास्तरणीने पान परत घेतलं. "मामा, माई गेलं वर्षभर कानातल्या आवाजाबरहुकूम बोलत होत्या. दिग्दर्शक म्हणतो, एवढं सुंदर काम त्यांनी कधीच केलं नव्हतं. तुमच्या तोंडून हे वाक्य ऐकून तसं काम दगडाला जमणार नाही आणि देवालाही नाही. इथे बसून दुसरंच कुणीतरी बोलत होतं. त्या काम करत नव्हत्याच. कानातलं माणूस काम करत होतं, त्या फक्त तोंड हलवत होत्या."

"माझं सांगून झालंय," मामा म्हणाला. "लिहून घ्या आणि मोकळ्या व्हा."

"कुणाला वाचवताय?"

 मामाने मान अशी वळवली, की खोलीला खिडकी असती तर ती अंगणाकडे, व्हॅनच्या दिशेने उघडली असती.

बाहेर उन्हात येऊन मास्तरीण उभी राहिली. तिला 'रे'चा पेच सुटेना. तिसरा पुरुष नव्हताच. मग तिला आठवलं, की 'रे' तिने या तपासात दोनदा ऐकलं होतं. एकदा सूनबाईकडून, आणि त्याच्याही आधी एकदा, शालीच्या घड्या घालणाऱ्या हातांकडे बघत असताना. मुलीला आईने विचारलं होतं, खाल्लंस का रे. शाळेत व्याकरण शिकवलेली बाई आपण, आणि समोर ठेवलेली चूक आपल्याला दिसू नये, याची तिला मनापासून शरम वाटली.

५

पेट्या भरून झाल्या होत्या. मुलगी व्हॅनच्या खिडकीपाशी बसली होती. पडदा उघडा होता, आणि त्या खिडकीतून गच्ची समोर दिसत होती, हातावर ठेवल्यासारखी.

"मामाने कबुली दिली," मास्तरीण म्हणाली.

"काय म्हणाला?"

"की त्याने केलं."

मुलगी डोळे मिटून बसली. मग म्हणाली, "वेडा आहे तो."

"तुमची आई तुम्हाला 'रे' म्हणायची. कायमच?"

"जन्मल्यापासून. दादा गेला, मग मी झाले. लहानपणी मला वाटायचं, लाडाने म्हणते. सगळे तसंच समजायचे. जेवलास का, झोपलास का, आलास का. शाळेत मैत्रिणी हसायच्या. मोठी झाल्यावर कळलं, ती माझ्याशी बोलतच नव्हती." तिने हात मांडीवर ठेवले. "विचारा पुढचं."

"माईंची या वर्षीची सगळी कामं तुमची होती."

मुलीच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कुणी हे तिला सांगत होतं.

"मला काम करायचं होतं. विसाव्या वर्षी म्हटलं होतं तिला. म्हणाली, घरात एक पुरे. मग मी तिच्या पेट्या उचलल्या. गेल्या वर्षी ती विसरायला लागली, मामाने दोन दिवस वाचून पाहिलं, ते तुम्ही ऐकलंच असेल. मग मी बसले. पहिल्याच दिवशी मी जसं म्हटलं तसंच ती म्हणाली. श्वाससुद्धा तिथेच घेतला. पलीकडे टाळ्या पडल्या. मी त्या कोंदट खोलीत बसून ऐकत होते." ती म्हणाली, "वाईट नव्हतं. खोटं कशाला बोलू? ते दिवस माझे सगळ्यात चांगले होते."

"मग मुलाखत झाली."

"हो. त्याने घरच्यांबद्दल विचारलं. मी कानात सांगितलं, म्हण, माझ्या मुलीमुळे मी उभी आहे. वर्षभरात मी स्वतःसाठी तेवढं एकच वाक्य लिहिलं होतं. वर्षभर तिने माझा एक शब्द खाली पडू दिला नाही. तिथे मात्र थांबली. आणि स्वतःचं बोलली. मला मुलगी नाही, एकच मुलगा. सगळे हसले. मीही बाहेर येऊन हसले."

"माझी सासू शेवटची दोन वर्षं मला मोलकरीण समजायची," मास्तरीण म्हणाली.

"तुम्ही काय केलंत?"

"धुणी धुतली."

 बाहेर कुणीतरी गच्चीवर कठडा परत बसवत होतं, हातोडीचे ठोके ऐकू येत होते.

"दुपारी तिला गोळी द्यायला बोलवायचं असायचं, म्हणून सुट्टीत माइक मी जवळ ठेवायचे," ती म्हणाली. "खिडकीतून बघितलं तर ती टोकाशी. तुम्ही विश्वास ठेवा न ठेवा, मी आधी तिला मागेच बोलावलं. रोज कानात मी दादा होऊन बोलायचे, मामाने सांगितला तसा आवाज काढला की ती ऐकायची. पण त्या क्षणी माझ्याकडून माझाच आवाज निघाला. आई, मी आहे, मागे फीर. ती म्हणाली, कोण आहे? मी ओरडले, आई, मी, तुझी मुलगी, मागे फीर. ती म्हणाली, कोण ओरडतंय?"

मास्तरणीने सूनबाईचे शब्द आठवले. शब्दाला शब्द तेच होते.

"तेवढ्यात दादाचा आवाज काढून 'मागे फीर' म्हटलं असतंत, तर त्या फिरल्या असत्या."

"हो."

"ते तुम्हाला माहीत होतं."

"हो. थोडा वेळ मी गप्प बसले. विचार करत नव्हते, नुसती बघत होते. तिला कळलं असतं, तर तेवढ्यात कळलं असतं. मग मी दादा झाले." तिने मान वळवली, आणि तिच्या तोंडून तापलेल्या, हट्टी, चार वर्षांच्या पोराचा आवाज आला. "आई, ये. आई, ये ना."

 माइक मुलीने पेटीच्या तळातून काढून स्वतःच तिच्या हातात दिला.

"किती आनंदाने आली, पाहिलंत का? नाही, तुम्ही नव्हता." मुलगी उठली. "माझ्याकडे ती कधी तशी आली नाही."

६

गुन्हा दाखल झाला, जबाब झाले. पुढचं कोर्टाच्या हाती. वाहिनीने उरलेले भाग दाखवले, आणि जाणकारांनी लिहिलं, की शेवटच्या वर्षात या अभिनेत्रीने शिखर गाठलं होतं. त्यात खोटं काही नव्हतं.

आठवडा उलटल्यावर एका दुपारी मामा चौकीत आला. हातात डबा होता. तो मास्तरणीच्या टेबलासमोर उभा राहिला, बसा म्हटलं तरी बसला नाही.

"एक विचारायचं होतं," तो म्हणाला. "मला ते पान वाचायला लावलं नसतंत, तर?"

"तर आत तुम्ही असता."

"असतो. म्हाताऱ्या माणसाला काय, चार भिंती इथल्या काय आणि तिथल्या काय. अक्काने मला जन्मभर पोसलं. पोरीला कुणी काय दिलं? बाहेर राहून तिने स्वतःच्या आवाजात काहीतरी केलं असतं. तुमचं त्यात काय बिघडलं असतं, सांगा."

"तिला ते पेललं असतं, मामा? तुम्ही आत आणि ती बाहेर?"

मामाने डबा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. इथे खोटं बोलून चालणार नव्हतं, हे दोघांनाही कळत होतं.

"नसतं पेललं," तो शेवटी म्हणाला. "पण मला पेललं असतं."

 मास्तरणीने शिपायाला आत पाठवलं. शिपाई परत आला आणि मान हलवून म्हणाला, बाई कुणालाच भेटायचं नाही म्हणतात.

"जेवते का ती?" मामाने विचारलं.

"परत करतात," शिपाई म्हणाला.

मामाने मान डोलावली. मग जाऊन भिंतीकडेच्या बाकावर टेकला आणि डबा मांडीवर घेतला. मास्तरीण म्हणाली, आज भेट व्हायची नाही, उगाच ताटकळू नका. तो म्हणाला, तुमचं चालू द्या, मला घरी तरी कोण आहे.

साडेचारला त्याने डब्याला हात लावून पाहिला. डबा गार झाला होता.